वगळलेल्यांचा चौकोन

"ताई, फोटो कुणाचा टाकायचा?"

फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाने हे अगदी सहज विचारलं. बाहेर ऊन चढलं होतं, आत मशीनच्या शाईचा उग्र वास कोंडला होता, आणि रोलरवरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स हळूहळू बाहेर सरकत होता. आधी फेटा आला, मग कपाळ, मग गॉगल, आणि सगळ्यांत शेवटी शुभेच्छुकांच्या लहान लहान चेहऱ्यांची रांग. माझी फाईल त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली होती. उभं पोस्टर, तीन बाय चार फूट, पांढरी पार्श्वभूमी, निळं शीर्षक, दोन आलेख, एक तक्ता, तळाशी बारीक अक्षरांत संदर्भ. त्याने माऊस वर-खाली करून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "एवढी जागा आहे आणि माणूस एक पण नाही यात." मी सांगितलं, की हे डॉक्टर-नर्सच्या परिषदेसाठी आहे, त्यात पेशंटचे फोटो लावत नाहीत. "मग तुमचा टाकू की. केलंय तर तुम्हीच ना?" मी नको म्हटलं, मजकूर पुन्हा एकदा वाचला, पैसे दिले आणि "संध्याकाळी या" ऐकून बाहेर पडले. स्टँडपर्यंत चालताना मात्र तो प्रश्न काही सुटेना. कारण त्याने विचारलं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला होता, आणि ती बाई माझ्या एकाही आलेखात नव्हती.

ती वगळलेल्यांच्या चौकोनात होती.

आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, मी बरीच वर्षं आहे. नर्सच्या नोकरीत दिवसभर किती लिहावं लागतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. बाळाचं तापमान, श्वास, सॅच्युरेशन, किती मिली दूध गेलं, लघवी झाली का, पोट फुगलंय का, ओव्हर देताना पुढच्या सिस्टरला काय काय सांगितलं, सगळं कागदावर. हे लिहिणं अंगात इतकं मुरलंय की सुट्टीच्या दिवशी घरात भाचीला ताप आला तरी हात आधी कागद शोधतो. पण त्या नोंदींतून आपणच काही शोधायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फाईल भरायची, बाळाला सुट्टी झाली की फाईल रेकॉर्ड रूमला पाठवायची. अभ्यास करायचे ते डॉक्टरांनी. आम्ही त्यांना आकडे काढून द्यायचे. नर्सिंगच्या शाळेत दर १२ मे रोजी मेणबत्त्या लावून आम्ही शपथ घ्यायचो आणि नाइटिंगेलबाईंच्या हातातल्या दिव्यावर कुणीतरी कविता म्हणायचं. त्याच बाईंनी १८५८ साली क्रिमियातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा एक पाकळ्यापाकळ्यांचा आलेख छापला होता. टाळता आले असते अशा आजारांनी झालेले मृत्यू निळ्या पाकळ्यांत, आणि त्या निळ्या पाकळ्या जखमांच्या पाकळ्यांपेक्षा कितीतरी मोठ्या. सैनिक लढाईत कमी आणि दवाखान्यातल्या घाणीत जास्त मरत होते, हे त्या चित्राकडे पाहिल्यावर सांगावं लागत नाही. ते चित्र मी या पोस्टरच्या तयारीत पहिल्यांदा पाहिलं. पाहून आनंद झाला आणि रागही आला. आम्हाला दिवा दाखवला तसा हा आलेखही दाखवायला हवा होता.

पोस्टरचं सुचवलं पी.एस.एम.च्या, म्हणजे सामाजिक आरोग्य विभागाच्या, मॅडमनी. त्या एकदा कसल्याशा तपासणीसाठी आमच्याकडे आल्या आणि केएमसीच्या, म्हणजे कांगारू मदर केअरच्या, रजिस्टरची पानं उलटत बराच वेळ बसून राहिल्या. "सिस्टर, एवढ्या नोंदी आहेत तुमच्याकडे. यातून एकच साधा प्रश्न विचारा आणि उत्तर शोधा. परिषदेला पाठवू." माझा प्रश्न तयारच होता, फक्त त्याला प्रश्न म्हणायचं धाडस नव्हतं. आई बाळाला छातीशी घेऊन बसते ते तास वाढत का नाहीत?

केएमसीच्या खोलीत हिवाळ्यात पाऊल टाकलं की आधी ऊब लागते, मग दुधाचा आणि खोबरेल तेलाचा वास. खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतीला टेकून पाच-सहा बाया. प्रत्येकीच्या गाऊनच्या आत, दोन स्तनांच्या मधोमध, एक उघडं बाळ उभं धरलेलं असतं. डोक्यावर टोपी, पायांत मोजे, लंगोट, मान एका बाजूला वळवलेली, हातपाय दुमडून आईच्या अंगाला चिकटलेले. बाहेरून पाहिलं तर फक्त टोपीचं टोक दिसतं. वॉर्मरखाली ज्या बाळाचं तापमान ३६.५ च्या वर टिकवताना आमच्या नाकी नऊ येतात, ते इथे तासाभरात शांत होतं, श्वास एका लयीत येतो. नव्या आया सुरुवातीला श्वास रोखून बसतात, बाळ मोडेल या भीतीने. मग केव्हातरी त्यांचे खांदे सैल होतात. ते खांदे सैल होताना बघायला मला अजूनही आवडतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे इनक्युबेटर कमी होते, एकेका इनक्युबेटरमध्ये दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. अडचणीतून निघालेला उपाय. पुढे २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाची बाळं, काहींना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी दिलं, काहींना रुळलेल्या पद्धतीप्रमाणे स्थिरावल्यावर. २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की नवीन बाळं घेणं मुदतीआधीच थांबवलं. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितकं जास्त. त्या पाच देशांच्या अभ्यासातलं एक केंद्र दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं, आणि तिथे त्यांनी काय केलं? आईची खाट बाळाच्या कक्षातच नेली. औषध नाही, मशीन नाही, आईला टेकायला जागा.

मॅडम म्हणाल्या, हेच मोजा. म्हणून आम्ही मोजलं. फॉर्म सोपा ठेवला, कारण तो दोन ड्यूट्यांच्या धबडग्यात भरायचा होता. आईने बाळ कधी घेतलं, कधी ठेवलं, आणि ठेवलं तर का. पहिल्या दोन रकान्यांनी मला नवीन काही सांगितलं नाही. तिसऱ्याने सांगितलं. मी धरून चालले होते की आया कंटाळतात, किंवा त्यांना महत्त्व पटत नाही, आणि म्हणून मी रोज जीव तोडून समजावत असे. कारणांच्या रकान्यात मात्र भलतंच उतरत गेलं. सिझेरियनचे टाके दुखतात आणि पाठ टेकायची खुर्ची एकच आहे. संडास लांब आहे आणि बाळ कुणाकडे द्यायचं ते कळत नाही. डबा घेऊन येणारा दीर खाली थांबलाय. रात्री झोप लागली तर बाळ पडेल. सासूबाईंना लाज वाटते. एका आईने सांगितलेलं कारण मी जसंच्या तसं लिहिलं: "खुर्ची दुसरीनं मागितली." या एका ओळीत माझा अख्खा निष्कर्ष होता. आमच्या मावशींनी पुढे कुठूनतरी दोन जुन्या आरामखुर्च्या शोधून, पुसून, पट्ट्या बदलून आणल्या, तेव्हा तास खरोखर वाढले. दुपारच्या वेळेला बाप आणि आज्यांनाही बाळ छातीशी घ्यायला शिकवलं. एक आजोबा सदरा काढून, गळ्यातली माळ मागे टाकून, नातीला घेऊन बसले होते आणि कुणालाही जवळ येऊ देत नव्हते. ते आजोबा आलेखात आहेत. 'इतर नातेवाईक' या फिकट हिरव्या पट्टीत.

आणि ती नाही.

आमचा भाग उसाचा. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, कारखान्याच्या आजूबाजूला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, पहाटे अंधारात टायरगाड्यांचे आवाज सुरू होतात. याच दिवसांत थंडी पडते आणि याच दिवसांत आमच्याकडे कमी वजनाची बाळं वाढतात. फडात मोळ्या वाहता वाहता कळा सुरू झालेल्या बाया येतात. हातांना पाचटाने कापलेल्या रेघा, पायांना चिरा, अंगात उसाच्या रसाचा आंबूस-गोड वास. ती अशीच आली होती. बाळ मुलगी, वेळेआधीची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ स्थिरावलं आणि मी तिला केएमसीला बसवलं. इतकी पटकन शिकणारी आई मी कमी पाहिली. बाळ बांधून घेतलं आणि ती तशीच बसून राहिली, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. जवळ गेले तर म्हणाली, "सिस्टर, असं नुसतं बसायला म्या कवाच बसले न्हाई." माझ्या फॉर्मवर तिचे तास सगळ्यांत जास्त भरत होते. आणि मग एका संध्याकाळी नवरा आला, पाठोपाठ मुकादमाचा माणूस. इथला फड संपला होता, टोळी पुढच्या गावाला निघाली होती.

ज्यांना हे जग माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती कोयत्यावर, म्हणजे दोघांवर. एक जण बसला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढत जातात. मी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, वजन अजून वाढायचंय, बाहेर गारठा आहे, कोपीत वारा येतो. तो ऐकत होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीच शेवटी म्हणाली, "टोळी गेल्यावर हितं म्या एकली कुणाच्या जिवावर ऱ्हाऊ?" डामाच्या, म्हणजे सल्ला न मानता सुट्टी घेण्याच्या, कागदावर तिने अंगठा दिला. सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. शाई पुसायला मी कापूस दिला तर तिने आधी बाळाची टोपी सारखी केली. त्या रात्री बाळाला तिच्या अंगावर कसं बांधायचं ते मी पुन्हा एकदा दाखवलं, साडीच्या पदराने, गाडीवर बसल्यावरही सुटणार नाही असं. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

परिषदेला गोषवारा पाठवायचा होता २५० शब्दांचा. पार्श्वभूमी, उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष, तात्पर्य. लिहायला बसले तेव्हा कळलं की २५० शब्द म्हणजे काय काटकसर असते. पद्धतीच्या परिच्छेदात कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं ते लिहावं लागतं. जन्मजात व्यंग असलेली बाळं वगळली, आई अत्यवस्थ असलेली वगळली, ठरलेला काळ पूर्ण होण्याआधी सल्ल्याविरुद्ध नेलेली वगळली. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. अर्धवट नोंदींवर सरासरी काढली तर ती खोटी पडेल. तरीही त्या तिसऱ्या अर्ध्या वाक्याशी माझा हात अडला. यादी काढून पाहिली, तर त्या अर्ध्या वाक्यात बसलेल्या बहुतेक आया टोळीतल्या होत्या. म्हणजे जिथे थंडी सर्वांत जास्त, घर सर्वांत उघडं आणि ज्या बाळाला आईच्या छातीची गरज सर्वांत मोठी, नेमकं तेच माझ्या अभ्यासातून बाहेर पडत होतं. उरल्या त्या आया, ज्यांना राहणं परवडत होतं. त्यांचे तास मोजून मी म्हणणार होते की खुर्ची दिली की केएमसी वाढतं.

मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मला पोस्टर याच्यावरच करायचंय. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या जे म्हणाल्या ते मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं. "सिस्टर, त्या बायांचा डेटा तुमच्याकडे नाही. ज्याचा डेटा नाही त्यावर निष्कर्ष काढता येत नाही. पण त्या तुमच्या डेटात नाहीत, हे तुम्ही सांगू शकता. आणि ते सांगायलाच पाहिजे." निरीक्षणात्मक अभ्यास कसा मांडावा याची २००७ सालची स्ट्रोब नावाची नियमावली आहे, ती त्यांनी काढून दाखवली. प्रत्येक टप्प्यावर किती जण होते, कोण गळाले, का गळाले, हे द्यावं, शक्य तर आकृतीत द्यावं, असं तिच्यात लिहिलेलंच आहे. पोस्टरवर हा ओघतक्ता लोक कोपऱ्यात काडेपेटीएवढा काढतात. मॅडम म्हणाल्या, तुम्ही मोठा काढा.

मग मधल्या वाक्यावरून चर्चा रंगली. आमच्याकडचे एक ब्रदर वयाने लहान आणि या बाबतीत फार तयार. त्यांनी मोबाईलवर माइक मॉरिसन या अमेरिकन संशोधकाचा २०१९ सालचा व्हिडिओ दाखवला. त्याचं म्हणणं असं, की पोस्टरच्या भिंती मजकुराने भरून टाकतात, चालत जाणारा माणूस काही वाचत नाही. म्हणून मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, मधोमध लिहा आणि बाकी तपशील कडेला ठेवा. मला ते एकदम पटलं. नर्स असल्यामुळे असेल, दुरून एका नजरेत कळेल असं लिहिण्याची किंमत मला माहीत आहे; 'ओ निगेटिव्ह' कुणी बारीक अक्षरांत लिहीत नाही. पण मधोमध वाक्य कुठलं? ब्रदर म्हणाले, खुर्चीचं. मॅडमही म्हणाल्या, खुर्चीचंच, कारण ते तुम्ही मोजलंय. मला मनातून ते दुसरं हवं होतं आणि मी ते लिहून, पुसून, परत लिहून पाहिलं. शेवटी मधोमध खुर्चीचंच वाक्य आलं. ते खरं होतं आणि कुठल्याही हॉस्पिटलला उद्या सकाळी करता येण्यासारखं होतं. तेही कमी नाही. पण त्याच्या लगेच खाली, तेवढ्याच रुंदीचा ओघतक्ता आला, आणि उजवीकडच्या वगळलेल्यांच्या चौकोनात फक्त आकडा न लिहिता कारणं लिहिली. टोळी पुढे निघाली. खाडा. घरी दुसरी लहान मुलं. सोबतीला कुणी नाही. पोस्टर इंग्रजीत होतं, पण त्या चौकोनात तिचं वाक्य मी मराठीतच ठेवलं, खाली इंग्रजी अर्थ.

त्या वाक्याने दुकानात भारी छळलं. माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारी अक्षरं त्याच्या कॉम्प्युटरवर फुटली. वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरांचे तुकडे दुसरीकडे, 'जिवावर' मधला 'जि' सरळ दोन ठिकाणी. "ताई, हे मराठी फुटतंय. काढून टाकू का? बाकी सगळं इंग्लिशच आहे." मी म्हटलं, बाकी एखादी ओळ गेली तरी चालेल, ही नाही जाणार. त्याने खुर्ची पुढे ओढली, मला एकेक शब्द वाचायला सांगितला आणि त्याच्याकडच्या फाँटमध्ये पुन्हा टाईप केला. 'म्या' लिहिताना थांबला. "मी करू?" "नको. म्या." 'ऱ्हाऊ' मधला तो अर्धा 'ऱ' त्याला सापडेना, तर त्याने कुठल्या तरी जुन्या पत्रिकेच्या फाईलमधून उचलून आणला. मग ती ओळ त्याने मोठ्याने वाचली आणि विचारलं, "कोण म्हणालं हे?" मी थोडक्यात सांगितलं. त्यानंतरच त्याने तो फोटोचा प्रश्न विचारला होता.

म्हणून तो प्रश्न मला लागला. त्याच्या धंद्यात ज्याचं काम, ज्याचा मान, त्याचा चेहरा, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. आमच्याकडे चेहरा दाखवायचा नाही हा नियम त्या बाईच्या भल्यासाठीच आहे; तिची ओळख जपणं हे माझं कर्तव्य आहे आणि मी ते मनापासून पाळते. पण नियम पाळूनही एक गोष्ट उरते. पोस्टरच्या शिरोभागी नावं आमची. मॅडमचं, माझं, ब्रदरचं. आयांनी टाके दुखत असताना बसून तास भरले, माझ्या फॉर्मवरची कारणं त्यांनी सांगितली, निष्कर्ष खरं म्हणजे त्यांनीच काढून हातात दिला. आभाराच्या ओळीत 'सर्व माता' असं दोन शब्दांत येतं. मी ती ओळ थोडी वाढवली आणि तिच्यात "ज्यांना अर्ध्यावर जावं लागलं त्या मातांचेही" असं घातलं. जागेसाठी एक संदर्भ कमी करावा लागला. मॅडमनी ते वाचलं आणि काही न बोलता सही केली.

परिषदेचा हॉल मोठा, एसीचा गारवा, आणि बोर्डांच्या रांगाच रांगा. दुतर्फी टेप कमी पडत होती म्हणून सगळे एकमेकांकडे मागत होते. माझ्या एका बाजूला मधुमेहाचं पोस्टर, दुसऱ्या बाजूला हात धुण्याचं. तीन मिनिटं बोलायचं होतं. मी ते घरी ओट्यापाशी उभी राहून इतक्यांदा म्हटलं होतं की नवऱ्यालाही पाठ झालं होतं. परीक्षक आले, नमुना किती होता, कुठली चाचणी लावली, आरामखुर्चीचा खर्च किती, असं नेटकं विचारलं, मी उत्तरं दिली, त्यांनी मान हलवून गुण लिहिले. प्रश्न चांगले होते. चौकोनाकडे मात्र कुणी वळलं नाही. मला वाईट वाटलं, हे खरं आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत गर्दी पांगली तेव्हा एक सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा मोठ्या, खांद्याला पिशवी, गळ्यात परिषदेचं कार्ड. त्यांनी मधलं मोठं वाक्य वाचलंच नाही. ती मराठी ओळ त्यांनी लांबूनच पाहिली असणार. ती वाचून त्या माझ्याकडे वळल्या. "ह्या आमच्याकडच्या आहेत." बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून त्या आल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परततात, आणि त्यांच्या ओपीडीत अशी बाळं येतात, पाच-सहा महिन्यांची, अंगावर मांस नाही, लस एखादीच झालेली. जन्म कुठे झाला, वजन किती होतं, काय उपचार झाले, कशाचा कागद नसतो. "आम्हाला वाटायचं तिकडे कुणी बघितलंच नाही यांना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हाला वाटायचं पुढे कुणी बघणारच नाही. दोघी तिथेच बोर्डापाशी खाली बसलो आणि जेवणाची वेळ निघून गेली.

आम्ही बोलत होतो ते मधल्या महिन्यांबद्दल. आशाताईंच्या गृहभेटी ठरलेल्या असतात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. त्या भेटींचं मूळ गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली, बालमृत्यू कसे खाली आले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर गेला. गावातली बाई गावातल्या घरी जाते, यावर ते सगळं उभं आहे. पण टोळीतल्या बाळाचं घर पुढच्या फडाबरोबर हलतं. मूळ गावच्या आशाताईच्या यादीत नाव असतं, बाळ नसतं. जिथे कोपी उभी आहे तिथल्या आशाताईच्या हद्दीत बाळ असतं, यादीत नाव नसतं. दोघींपैकी कुणाचाही दोष नाही. त्या सिस्टर म्हणाल्या, "डामा घेताना तुम्ही गाव लिहिता का हो?" आम्ही लिहितो तो सध्याचा पत्ता. कारखान्याचं नाव, बास.

परतल्यावर मी डामाच्या रजिस्टरला हाताने तीन रकाने आखले. मूळ गाव, टोळी पुढे कुठे निघाली, आणि संपर्काचा नंबर, मग तो नवऱ्याचा असो की मुकादमाचा. इनचार्ज सिस्टरांनी परवानगी दिली. ब्रदरनी कारखान्यांच्या आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे नंबर एका कागदावर काढून टेबलाच्या काचेखाली घातले. बीडच्या सिस्टरांशी आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं. मी गाव सांगितलं तर त्या परतीच्या वेळी त्या गावाच्या आशाताईला सांगून ठेवतील, असं ठरलंय. मॅडमनी मात्र एका गोष्टीवर बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं: आईला विचारल्याशिवाय तिचं नाव, गाव, नंबर या हॉस्पिटलबाहेर जाता कामा नये. विचारायचं तेही अंगठा घेण्याच्या घाईत नाही. बाळ दाखल झाल्यावर, ती जरा टेकून बसली असेल तेव्हा.

तो संमतीचा कागद सध्या मी लिहितेय. नैतिक समितीकडे जाण्याआधी तो वाचता न येणाऱ्या बाईला ऐकून समजला पाहिजे, म्हणून आमच्या मावशींना वाचून दाखवते आणि त्या अडल्या की बदलते. 'सदर अभ्यासाचा उद्देश' पहिल्याच दिवशी गेलं. आता कागद असा सुरू होतो: "बाई, तुम्ही पुढच्या गावाला गेलात तर तिथं कुणीतरी येऊन बाळाचं वजन करावं, असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर तुमचं गाव आम्ही त्यांना कळवू. नसेल वाटत, तरी इथं बाळाची सगळी काळजी घेतली जाईल."